देवीलालला माती नको होती

मारोतीला पुरलं त्या दिवशी देवीलालला खड्ड्याच्या काठावर उभं केलं होतं. खणायला नाही, खणायचा दम त्याच्यात उरला नव्हता. माती कुठं भुसभुशीत आहे, मुरूम कुठं लागेल, एवढं सांगायला. तीस वर्षं त्यानं पुसदपासून मारेगावपर्यंत लोकांच्या विहिरी खोदल्या होत्या. तांड्यातले खड्डेही तोच खोदायचा.

मारोती साठ वर्षांचा होता, पण बिनलग्नाचा मेला. बंजाऱ्यांच्या या तांड्यात ज्याचे फेरे झाले त्याला लाकडं, ज्याचे झाले नाहीत त्याला माती. पाच वर्षांचं लेकरू असो की साठ वर्षांचा म्हातारा, कुंवारा तो कुंवारा. या कायद्याचा कागद कुठंच नाही. म्हणूनच तो आजवर कोणाला फाडता आला नाही.

पहिलं टोपलं मारोतीच्या पायावर पडलं. दुसरं छातीवर. तिसरं तोंडावर पडलं तेव्हा देवीलालनं मान फिरवली.

"त्या बाजूनं सात फूट सोडून ठेवा बे," रामराव नाईक पोरांना म्हणाला. रामराव तांड्याचा प्रमुख. भांडण, सोयरीक, मरण, सगळं त्याच्या तोंडून पास व्हायचं. "अजून एक जागा लागन."

कोणासाठी, ते तो बोलला नाही. सगळ्यांनी देवीलालकडं पाहिलं आणि चटकन आभाळाकडं पाहिलं.

एकजण हसत म्हणाला, "देवीलालभाऊ, मारोती लय बिडी मागन तुले. एक बंडल जास्तीचं ठेवजो."

देवीलालही हसला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो खाली बसला, आणि खाली बसल्यावर त्याला दिसलं की आपण त्याच सोडलेल्या सात फुटांत बसलो आहोत. तो उठून निघाला. चालत नाही, पळत. पन्नास पावलांवर पडला. दोघांनी उचलून घरी आणला.

आठ दिवसांपूर्वी यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरनं फोटो उजेडात धरून दाखवला होता. सुरुंगाची आणि ब्रेकरची धूळ आत जाऊन बसली, फुप्फुसं दगडासारखी झाली, यावर औषध नाही. बत्तीस वर्षं त्याचा संसार करणाऱ्या जमनीनं सरळ विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाला, "होळीपर्यंतचं सांगता येत नाही. जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या, जे करावंसं वाटेल ते करू द्या." गरिबाला ही परवानगी मरायच्या वेळीच मिळते.

तेव्हा देवीलाल घाबरला नव्हता. एसटीत खिडकीजवळ बसून त्यानं भजे खाल्ले, जमनीला म्हणाला, "साठीच्या आत चाललो. म्हातारा म्हणून हाक त नाही ऐकावी लागली." आणि आज तो घराच्या दारात आडवा पडून थरथरत होता. डोकं बाहेर, पाय आत. दार कोणी लोटू नये म्हणून.

"काय झालं तुमाले?" जमनीनं विचारलं.

"मले पुरू नको देऊ."

"कोण पुरून राह्यलं?"

"सगळेच."

मग त्यानं ते सांगितलं, जे अकरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. मारेगावकडं एका विहिरीत बेचाळीस फुटांवर काम चालू असताना बाजू ढासळली आणि देवीलाल खाली दबला, हे तांड्याला माहीत होतं. चार तासांनी जिता निघाला, हेही माहीत होतं. त्यावर बोकड कापून झाला होता. त्या चार तासांचं कोणी विचारलं नव्हतं.

"डोक्यावर क्रेनची बादली उलटी पडली होती. तिच्या पोकळीत तेवढा वारा होता. वरचे लोकं बोलत होते, जमनी. मले सारं ऐकू येत होतं. एकजण म्हने, मेला असन. दुसरा म्हने, मंग घाई कायले करता, सकाळी जेसीबी बोलावू. मी वरडत होतो. तोंडात माती होती. मी वरडलो की माती अजून आत जाय."

"मंग?"

"कमरेचा दोर वर होता. कोणीतरी गुंडाळाले घेतला, दोर कामाचा होता म्हणून. मी इकून वढला." तो थांबला. श्वास गोळा केला. "मेलेल्या माणसाले ऐकू येत नाही, हे कोणी येऊन सांगितलं? मी त मेलोच होतो ना त्याइच्या हिशोबानं? मले ऐकू येत होतं."

जमनी सरकून जवळ बसली. तिनं त्याचा हात धरला. "मी नाही पुरू देणार."

"तू?" देवीलाल म्हणाला. "तू कोण लागते माही?"

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नाही. खरंच विचारलं. आणि म्हणून ते जास्त लागलं.

आधार कार्डावर जमनी देवीलालची बायको होती. रेशन कार्डावर होती, मतदार यादीत होती. तांड्यात नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी दोघं पळून गेले आणि दोन वर्षांनी कडेवर लेक राखीला घेऊन परत आले. तेव्हा नाईक रामरावचा बाप होता. त्यानं दंड घेतला, तांड्याला जेवण घेतलं, राहायला कडेची जागा दिली आणि सांगितलं, कडेवर पोर असलेल्या बाईचे फेरे होत नाहीत. बस्स. जमनीच्या दंडावर कधी चुडा चढला नाही, केसांत लग्नाच्या बाईची घुगरी वाजली नाही. राखीच्या लग्नात माय-बाप म्हणून काका-काकू बसले. जमनी स्वयंपाकाला होती. ज्यांनी तिला चुलीपाशी बसवलं त्यांनीच तिच्या हातचं दोन-दोनदा मागून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीलाल रामरावच्या ओट्यापुढं जाऊन उभा राहिला.

"मंग घ्या ना फेरे," रामराव म्हणाला. "मले काय? माह्या बापानं नाही म्हटलं होतं, मी कायले म्हणू? लेकराच्या आधी नाही झाले, नातवाच्या नंतर होऊ द्या." ओट्यावरचे लोक हसले. "पण साती झाले पाहिजे. स्वतःच्या पायानं. फेरे झाले की लाकडं. माहा शब्द."

देवीलाल घरी आला तो जवानासारखा. "जमनी, शुक्रवारी लगन हाय तुव्हं!"

जमनीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. ती हसली नाही. तो खुशीत होता, त्याला दिसलं नाही.

त्या दुपारी ती कापूस वेचायला गेली तेव्हा बाजूच्या ओळीत रुपीबाई होती. रुपीबाई सत्तावीस वर्षांची असताना रांडव झाली. आता साठीला आली होती. तिनं न विचारता पदर दंडावरून सरकवला. कोपराच्या वर पांढरा, वाकडा व्रण.

"पाह्य. चुडा दगडानं फोडला माहा. नाल्यावर नेऊन. चार जणी धरणाऱ्या, एक फोडणारी. त्याच बाया, ज्याइनं घातला होता. मी म्हटलं, हळू काढा, निघते. त म्हने, काढाचा नसते, फोडाचा असते."

"मले काहून सांगते?"

"तुव्हे हात मोकळे आहेत म्हणून सांगते. बत्तीस वर्षं लोकायनं नावं ठेवली, अजून ठेवतीन. पण उद्या तो मेला त तुह्याजवळ फोडाले काही नाही. सकाळी कोणाच्या समोर आली त कोणी थुकणार नाही. नातीच्या लग्नात मांडवात त राहशीन, चुलीपाशी का होईना. मी माह्या पोराचं लगन गोठ्याच्या फटीतून पाह्यलं, बाई. बैल बसला होता बाजूले. त्याले हाकललं नाही कोणी."

"त्याइले पुरतीन मंग."

"मेल्यावर माणसाले काय समजते?"

जमनी बोंडं ओढत राहिली. कालपर्यंत तिलाही असंच वाटायचं.

त्या दिवसांत एकाच घरात दोन तऱ्हेची भीती झोपत होती. देवीलालची भीती तोंडानं बोलायची. तिची भीती गप होती. भाकर थापताना ती स्वतःच्या दंडाकडं पाहायची. चार जणी धरणाऱ्या कोण असतील, याचा ती विचार करायची. नावं आपोआप पुढं यायची. ही धरेल डावा हात. ही उजवा. हिच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस बसले, ही दगड मारेल. आणि लगेच दुसरं दिसायचं: देवीलाल खाली, वर टोपलं, आणि तो ऐकतो आहे.

बुधवारी दोघं पुसदला गेले. देवीलालनं बाजारात तीन कचोऱ्या खाल्ल्या, चौथी जमनीच्या तोंडात कोंबली. शंभर रुपयांचा काळा गॉगल घेतला आणि तिथंच लावला.

"काढा बाप्पा, लोकं पाह्यतात."

"पाहू दे. वेतडू आहो मी," तो म्हणाला. वेतडू म्हणजे गोर बोलीत नवरदेव.

चुड्याच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "पोरीसाठी का नातीसाठी?"

"माह्यासाठी," जमनी म्हणाली.

दुकानदारानं वर पाहिलं, गॉगलवाल्याकडं पाहिलं, आणि पुढं काही न विचारता पेटी उघडली. हस्तिदंत कोणाचं, हाडाचाही आता मिळत नाही. पांढऱ्या प्लास्टिकचा चुडा. जमनीनं एक बांगडी हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिली. वाकली. तुटली नाही.

"मजबूत आहे बाई," दुकानदार म्हणाला. "हातोड्यानंही फुटत नाही."

तिनं ती खाली ठेवली. जी हातोड्यानं फुटत नाही ती माझ्या हातावर किती वेळ फोडतील?

"हीच द्या," देवीलाल म्हणाला. "मजबूत पाह्यजे."

शुक्रवारी दुपारी लग्न लागलं. राखी पुसदहून नवरा-लेकरं घेऊन आली. "याडीच्या लग्नाले लेक वऱ्हाडी," असं म्हणून बायांनी तिला इतकं छेडलं की ती रडता रडता हसायला लागली. याडी म्हणजे आई. नवरी जमनीला हळद लावताना बाया म्हणत होत्या, "लाजत नाही का व नवलेरी? बत्तीस वर्षं वाट पाह्यली, आज रातभर जागशीन!" जमनी लाजली. खरंच लाजली. चुडा दंडावर चढत नव्हता. पोरीच्या हातासाठी असतो तो, कापूस वेचून जाड झालेल्या हातासाठी नाही. तेल लावून ओढून चढवला. घुगरी केसांत बांधली आणि तिनं मान हलवली तेव्हा कानाजवळ बारीक आवाज झाला. एवढा आवाज ऐकायला तिला बत्तीस वर्षं लागली. दोन क्षण ती नुसती मान हलवत राहिली.

देवीलालला आधी डाग दिला. या लग्नात नवरदेवाच्या दंडाला तापलेल्या सुईनं डागतात, सहन करतो तो मर्द. रामराव म्हणाला, "याले राहू द्या, खोकला आहे." देवीलालनं गॉगल लावलेलं तोंड वर केलं. "द्या. दोन द्या. बत्तीस वर्षांचं व्याज." चर्र झालं. तो हसला. जमनीनं डोळे मिटले.

अंगणात दोन मुसळं रोवली होती. त्यांच्याभोवती सात फेरे. पहिला नीट झाला. दुसऱ्यात देवीलालचा श्वास शिटीसारखा वाजायला लागला. राखीनं प्लास्टिकची खुर्ची आणली. तो बसला. उठला, तिसरा घेतला. बसला. मग दर फेऱ्याला राखी खुर्ची ओढत मागं, आणि लोक म्हणायला लागले, "नाईक, खुर्चीचेबी फेरे होऊन राह्यले! देवीलालच्या दोन बायका झाल्या!" सगळा तांडा हसत होता. चौथ्यानंतर त्याचे ओठ निळे दिसायला लागले आणि हसणं बंद झालं.

"राहू द्या आता," राखी म्हणाली. "नाईक, चार झाले ना?"

"सात," रामराव म्हणाला.

जमनीला मनातल्या मनात एक गोष्ट वाटली, आणि ती वाटली याची तिला मरेपर्यंत लाज वाटणार होती. तिला वाटलं, इथंच थांबावं. याला जमू नये. कोणाचा दोष नाही, कोणाचं पाप नाही, आणि माझा हात मोकळा. ती होती तिथंच उभी राहिली. देवीलालनं खुर्चीवरून तिच्याकडं पाहिलं. गॉगल घसरला होता. डोळ्यांत जे होतं ते तिनं त्या दिवशी दारात पाहिलं होतं.

ती वाकली, त्याचा हात खांद्यावर घेतला. "चाला. मी आहो."

पाचवा. सहावा. सातवा. पाऊण तास लागला. दर पावलाला घुगरी वाजत होती. सातवा संपला तेव्हा देवीलाल दोन्ही मुसळांना धरून उभा राहिला आणि नाईकाला म्हणाला, "लाकडं."

"लाकडं," रामराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देवीलाल झोपला. दारात नाही, घरात, भिंतीकडं तोंड करून. विहिरीतून निघाल्यापासून अकरा वर्षं तो दारातच झोपायचा. उठल्यावर मटण मागितलं, दोन वाट्या रस्सा प्याला, बोटं चाटली. "आता काही डर नाही बा," म्हणाला.

"बरं झालं."

"तू काहून नाही खात?"

"खाते."

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. ती भाकर मोडत होती आणि चुडा ताटाला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरत होती, जसा कोणी भाजलेला हात धरतो. देवीलालनं आयुष्यभर जमिनीखालचं पाणी ओळखलं होतं. समोर बसलेल्या बाईचं ओळखायला त्याला हा एवढा वेळ लागला. पुरुषाची अक्कल ही अशी असते, स्वतःचं दुखणं थांबल्यावर सुरू होते.

"जमनी. तुले डर लागते?"

तिनं भाकर खाली ठेवली. "लागते."

"कायचा?"

"दगडाचा." आणि मग बांध फुटल्यासारखं, "चार जणी धरतीन, रुपीबाईचं पाह्यलं ना तुमी? अन् हे प्लास्टिक हाय, हे फुटतबी नाही. तुमी जळसान त्या दिवशी मी नाल्यावर आहो. मंग कोणाच्या दारात उभी राहू? राखीच्या पोरीचं लगन मी गोठ्यातून पाहू काय?"

"मंग फेरे काहून घेतले?"

"तुमाले ऐकू येते म्हणून."

देवीलालनं ताट बाजूला सारलं. मग उठला, गॉगल न लावता, आणि रामरावच्या घराकडं निघाला. ऐंशी पावलं. तीनदा थांबला. जमनी मागून गेली.

रामराव ओट्यावर बसला होता. देवीलालनं कठड्याला धरून सांगितलं, "नाईक. मी मेल्यावर जमनीच्या चुड्याले कोणी हात लावाचा नाही. तिले वाटन तेव्हा ती काढन. नाही वाटलं त नाही काढन. शब्द दे."

"हे माह्या हातात नाही. बायाइचं काम आहे ते."

"माती-लाकडं तुह्या हातात, अन् हे नाही?"

"पाहू मंग."

तांड्यात 'पाहू' म्हणजे नाही. देवीलाल ओट्यावर चढला, रामरावच्या खाटेशेजारी जमिनीवर बसला, मग आडवा झाला.

"हे काय करतं?"

"इथंच मरतो."

ओट्यावरचे लोक उठून उभे राहिले. दुसऱ्याच्या ओट्यावर माणूस मेला तर त्या घरी वर्षभर लग्नाचा मांडव घालत नाहीत. पुढच्या महिन्यात रामरावच्या नातीचं, सलोनीचं लग्न होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"ऊठ देवीलाल. मस्करी नको करू."

देवीलालनं डोळे मिटले. त्याच्या छातीतून तो शिटीचा आवाज येत होता. एकदा थांबला. रामराव खाटेवरून उभा राहिला. पुन्हा आवाज सुरू झाला. रामराव बसला. पुन्हा थांबला. तो मुद्दाम थांबवत होता की खरंच थांबत होता, हे जमनीलाही कळत नव्हतं, आणि ती त्याच्या उशाशी बसून दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून होती. तिचा चुडा उन्हात पांढरा दिसत होता.

दारातून रामरावची बायको मैनाबाई बाहेर आली. रामराव सत्तर वर्षांचा, साखर वाढलेली, एका पायाचं बोट कापलेलं. मैनाबाईच्या दंडावर बावन्न वर्षांचा चुडा होता. तिनं आधी देवीलालकडं पाहिलं, मग स्वतःच्या नवऱ्याच्या पायाकडं.

"द्या शब्द," ती म्हणाली.

"तू आत जाय."

"नाही जात. बायाइचं काम आहे म्हटलं ना आता? मंग बाई बोलून राह्यली. जमनीच्या चुड्याले कोणी दगड लावणार नाही." तिनं स्वतःचा दंड पुढं केला. "अन् माह्याबी नाही."

रामराव तिच्याकडं पाहत राहिला. बावन्न वर्षांत आपण मेल्यावर हिचं काय होईल, असं त्याला कधी वाटलं नसावं. त्याचा हात पायाच्या पट्टीकडं गेला.

देवीलालचा आवाज थांबला. या वेळी बराच वेळ.

"दिला," रामराव ओरडला. "दिला शब्द! उठवा याले!"

जमनीनं देवीलालचं तोंड हलवलं. "ऐकलं का? राखीचे बा, ऐकलं का तुमी?"

डोळे उघडले. त्यानं मान हलवली. ऐकलं.

तिनं त्याला बसवलं, मग उभं केलं. दोघं ओट्याची पायरी उतरले. घर समोर दिसत होतं, तीच ऐंशी पावलं, पण तेवढा श्वास त्याच्याजवळ राहिला नव्हता. वीस पावलांवर दोघं वाटेच्या मधोमध खाली बसले. उन्हात. तांडा दोन्ही बाजूंनी उभा होता. कोणी मस्करी करत नव्हतं. जमनी त्याच्या छातीला कान लावून बसली होती आणि आतला प्रत्येक श्वास ऐकत होती, हा आला, हा आला, आता पुढचा.